खुर्ची कोणत्या मजल्यावर?

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आई भिंतीपलीकडे असते, आणि ती पडल्यापासून तिचे पाय थकले असले तरी कान चांगलेच तयार झालेत. मी फोनवर नुसतं "हं" म्हटलं तरी आतून प्रश्न येतो, "काय हं?"

सोमवारी मोठ्या साहेबांनी आम्हा घरून काम करणाऱ्यांना कॉम्प्युटरवर एकत्र बोलावलं, ते तुला कळलंच असेल. तू तर मुख्य ऑफिसात, त्यांच्याच छपराखाली. एक एप्रिलपासून सगळ्यांनी आठवड्यातले चार दिवस तिकडे येऊन बसायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी दहा मार्चपर्यंत तसं लिहून द्यायचं, कंपनी त्यांना स्वखुशीने मोकळं करेल. कुणाच्या खुशीने ते काही बोलले नाहीत. साहेब हे सगळं कुठल्याशा गच्चीवरून सांगत होते आणि त्यांच्या मागे शिडाच्या बोटी दिसत होत्या. आमच्या गटातले मास्तर (विम्यात येण्याआधी शाळेत शिकवायचे, ते) हळूच म्हणाले, "साहेबांचं स्वतःचं ऑफिस बंदरावर हललेलं दिसतंय." त्यांचा माईक चालू राहिला होता. मग सगळ्यांनीच खोकल्याचं सोंग केलं.

हसलो खरं, पण तेवढ्यापुरतंच. सहा वर्षं झाली, मी या जेवणाच्या टेबलावर बसून लोकांचे दावे तपासतेय. कुणाच्या घरात पाणी शिरलं, कुणाचं दुकान जळलं, कुणी दुसऱ्याच्या गाडीवर गाडी घातली. काम कुठे अडलं नाही. मधेच उठून आईला न्हाणीपर्यंत नेते, परत येऊन बसते. आता तिला सोडून रोज तिकडे कशी येऊ? आणि नोकरी सोडली तर या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? इकडे आड, तिकडे विहीर.

म्हणून विचारते. एक, हे खरंच होणार आहे की नुसता दम आहे? ऑफिसची जागा, खुर्च्या, कुलपं सगळं तूच बघतेस, तुला वारं कळत असेल. दोन, तुमची मागची खोली आईला आणि मला मिळेल का? तुमच्याकडे लिफ्ट आहे, आईला चढावं लागणार नाही. भाडं मी देईनच, दादाने नको म्हटलं तरी. आणि तीन, दादा कसा आहे? दोन महिन्यांत एकदाही आपणहून फोन नाही.

आपण शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो तेव्हापासून तू मला खरं तेच सांगत आलीस. माझ्या भावाशी लग्न करून बिघडली असशील तर माहीत नाही.

तुझी
ठकू


९ फेब्रुवारी

ठकू,

पत्र मिळालं. आईंचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात का आता? मालिश बंद करू नकोस.

ऑफिसचं मी काय सांगू? वर काय ठरतं ते आम्हाला सगळ्यात शेवटी कळतं. आम्ही दिवे लावणारी आणि नळ दुरुस्त करून घेणारी माणसं. पण घाईने काही करू नकोस, एवढं मात्र ऐक. कुठल्या कागदावर सही करू नकोस, कुणाला शब्द देऊ नकोस. दहा मार्चला अजून पुष्कळ वेळ आहे.

खोलीचं म्हणशील तर मागच्या खोलीत हल्ली तुझा दादा काम घेऊन बसतो. सगळीकडे कागद पसरलेले असतात, मलाही आत जायची चोरी. आणि लिफ्ट सारखी बंद पडते. आईंना चार मजले कसे नेणार? म्हणून म्हणते, थोडं थांब. बघू.

दादा बरा आहे. काम फार असतं.

इकडे ऊन आत्तापासूनच लागतंय. स्वतःला जप.

तुझी
वहिनी


१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुला माहीत आहे, अर्धवट उत्तरं वाचून मी पोट भरते. माणूस ज्या प्रश्नाला बगल देतो तिथेच पाणी मुरतं, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं गेलं. मी तीन प्रश्न विचारले. पहिल्याला "आम्ही काय दिवे लावणारी माणसं". दुसऱ्याला लिफ्ट. तिसऱ्याला "बरा आहे".

लिफ्ट बंद असते म्हणे. गेल्या वर्षी कपाट वर नेलंत ते खांद्यावरून नेलंत का?

आम्ही नको असू तर नको म्हण, मी रागावणार नाही. रागावले तरी चार दिवसांनी विसरेन. सासू आणि नणंद दोघी एकदम घरात येणार म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण "बघू" म्हणू नकोस. "बघू" हा शब्द परक्यांसाठी असतो.

तर तुमच्या खोलीची काळजी नको. मी माझं ठरवलंय. ऑफिसपासून पाऊण तासावर एका बाईंच्या घरी एक खाट मिळतेय, एकटीपुरती. आई मावशीकडे जाईल. मावशी हो म्हणाली, पण तिचा आवाज मी ऐकला, तो "हो"सारखा नव्हता. आणि हे घर सोडावं लागणार, दोन्हीकडचं भाडं मला झेपणार नाही. घरमालक कधीपासून टपून बसलेत. आपण वीस वर्षं जे भाडं देतो त्यात आता त्यांना गाडी ठेवायची जागाही कुणी देणार नाही, असं ते स्वतःच म्हणतात. महिनाअखेर सांगा म्हणाले. एकदा सोडलं की हे घर पुन्हा मिळणार नाही. तळमजला, सपाट अंगण, आईला पाठ असलेला प्रत्येक उंबरा.

मी आईला सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. काल भाजी निवडताना म्हणाली, "मावशीकडे संडास बाहेर आहे ना अजून?" एवढंच. मी उठून गॅस बंद करायला गेले. गॅस चालू नव्हताच.

ठकू


१६ फेब्रुवारी

ठकू,

घर सोडू नकोस. मालकांना काहीही सांग, पण हो म्हणू नकोस. नोकरीचा राजीनामा देऊ नकोस आणि इकडे यायच्या तयारीतही काही मोडू नकोस.

कारण विचारू नकोस. माझ्याकडून इथे सही घेतली आहे. आणि याबद्दल फोन करू नकोस, मेल तर मुळीच नको. माझा फोन कंपनीचा आहे.

मागची खोली तुला द्यायची नाही म्हणून मी ते लिहिलं नव्हतं. एवढं तरी मनातून काढ.

वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. वाढलं तर काहीच नाही.

उशीर झालाय. परवाच मी मालकांना हो म्हणून आले. तोंडीच, पण त्यांनी लगेच कुणाला तरी फोन लावला. ३१ मार्चला किल्ली द्यायची. आणि आता तू म्हणतेस सोडू नकोस, कारण विचारू नकोस. अगं, मी कुठल्या भरवशावर नाही म्हणू? उद्या एप्रिलमध्ये मी ऑफिसात पोचले नाही आणि त्यांनी मला काढलं, तर घर राहील आणि घराचं भाडं द्यायला काही राहणार नाही. मग मालक काय म्हणतील, "तुमच्या वहिनींनी कारण विचारू नका म्हटलं होतं ना"?

आमच्या गटात सगळ्यांची झोप उडालीय. मास्तर म्हणतात, मी जाणार, साहेबांना मला लाचार झालेलं बघायचं असेल तर बघू दे. जुळ्यांची आई मात्र राजीनामा द्यायच्या बेतात आहे. तू तिला ओळखत नाहीस, ती आमच्यात आली तेव्हा तू खाली जागेच्या कामाला गेली होतीस. दोन वर्षांची दोन पोरं, नवरा फिरतीवर. मुलं झोपली की काम करते, उठली की एक मांडीवर आणि एक टेबलाखाली. तिच्याइतके दावे आमच्यात कुणी उरकत नाही. ती म्हणाली, "चार दिवस यांना कुणाकडे ठेवू? माझ्या पगारापेक्षा पाळणाघर महाग." रडलीही नाही, अगदी सरळ सांगितलं.

तू माझी वहिनी आहेस आणि ऑफिसचीही माणूस आहेस. दोन्ही एकदम असशील तर माझ्या काही उपयोगाची नाहीस. पूर्ण वाक्य लिही, नाहीतर मी किल्ली देतेय.

ठकू


२२ फेब्रुवारी

ठकू,

बस, ऐक. आणि वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक.

तुम्हाला बसवायला इथे जागा नाही.

नोव्हेंबरात मला बोलावून सांगितलं, तिसरा आणि चौथा मजला रिकामा करायचा. भाडेकरार संपत होता, तो पुढे वाढवायचा नाही असं ठरलं होतं. मी विचारलं, सामान कुठे ठेवू? म्हणाले, विकून टाक. मी उभी राहून खुर्च्या खाली नेल्या. जुन्या फर्निचरवाल्याचे दोन ट्रक आले. माणसं खुर्च्या एकात एक अडकवून दोरीने बांधत होती आणि त्यातली एक माझ्या ओळखीची निघाली, हाताच्या जागी फाटलेली, तुझ्या टेबलाची. तेव्हा मला वाटलं, बरंय, हे लोक आता घरूनच काम करणार, मग कशाला हवी इथे. आणि या महिन्यात त्याच साहेबांनी फर्मान काढलं की सगळ्यांनी या.

मी आमच्या बाईंना विचारलं. (आमच्या खात्याच्या प्रमुख. माणूस वाईट नाही, पण वरच्यांपुढे त्यांचा आवाज निघत नाही.) म्हटलं, हे सगळे आले तर बसणार कुठे? त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "सगळे येणार नाहीत." मी म्हटलं, "आले तर?" म्हणाल्या, "निम्मे तरी येणार नाहीत. येऊ शकणार नाहीत असेच आहेत बघ बहुतेक." मग एक कागद पुढे केला, याबद्दल बाहेर बोलणार नाही असा. मी सही केली.

आता कळलं? कंपनीला माणसं कमी करायचीच आहेत. पण काढलं तर नियमाप्रमाणे पैसे द्यावे लागतात. माणूस आपणहून गेला तर काही द्यावं लागत नाही. म्हणून हे बोलावणं. साप मरावा आणि काठीही मोडू नये. तू राजीनामा दिलास तर त्यांचं काम झालं. धडपडत आलीस, तर इथे कुठेतरी कोपऱ्यात बसवतील आणि सहा महिन्यांनी बघतील. त्यासाठी घर मोडू नकोस. एवढंच मला सांगायचं होतं आणि एवढंच सांगता येत नव्हतं.

का येत नव्हतं, तेही सांगते. तुझ्या दादाची नोकरी ऑगस्टमध्येच गेली. कारखान्याचा तो विभागच बंद केला. तो मागच्या खोलीत काम घेऊन बसतो असं मी लिहिलं, ते अर्ज असतात. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. जेवायला बाहेर येतो, परत आत जातो. कुणी येणार म्हटलं की आधी विचारतो, किती दिवस? तुम्ही दोघी आलात तर त्याला कुठे लपवू? लिफ्ट चांगली चालते. आईंना हे कळू देऊ नकोस, त्याने शपथ घातलीय. मला काढलं तर आमच्या घरात येणारा पैसा शून्य. म्हणून तुला "बघू" लिहिलं. ते परक्यासारखं झालं, माहीत आहे.

हे कुणालाही सांगू नकोस. मास्तरांना नाही, तुझ्या त्या जुळ्यांच्या आईलाही नाही. खुर्च्या गेल्याचं इथे आम्हा दोघातिघांनाच माहीत आहे. बाहेर फुटलं तर बोट कुणाकडे जाईल ते सांगायला नको.

वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

पहिल्यांदा, दादाचं. मला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला. दोन महिने फोन नाही म्हणून मी त्याला मनातल्या मनात शिष्ट ठरवून बसले होते. आईला सांगणार नाही. पण एक विचारू? ती परवा आपणहूनच म्हणाली, "तो आवाज असा बारीक करून का बोलतो गं हल्ली?" तेव्हा फार दिवस लपणार नाही.

मी मालकांकडे गेले आणि सांगितलं, आम्ही हलत नाही. ते म्हणाले, मी पुढच्या माणसाला शब्द दिलाय. मी म्हटलं, मीही तुम्हाला शब्दच दिला होता, तो परत घेते. लिहून कुणीच काही दिलेलं नाही. तोंड वाकडं केलं त्यांनी. पण घर राहिलं.

आता मुख्य. तुझं पत्र बुधवारी मिळालं. मी ते फाडलं, पण डोक्यातून कसं फाडणार? गुरुवारी, शुक्रवारी गटातल्या सगळ्यांशी बोलणं होत होतं. लोक खाटा शोधत होते, मुलांच्या शाळा बदलत होते. एक जण तर बायकोला माहेरी पाठवायला निघाला होता. आणि मी मात्र तोंडाला कुलूप लावून त्यांना "बघू" म्हणत होते. तुझाच शब्द. तेव्हा मला तो शब्द कळला.

शनिवार-रविवार विचार केला. सांगितलं तर तू जाणार, आणि न सांगता बसणं मला जमत नव्हतं. मग सुचलं, की सांगायचंच कशाला? विचारता तर येतं.

आज सकाळी साहेबांनी पुन्हा बोलावलं होतं, शंका विचारायला. तीनेकशे लोक असतील. मी हात वर केला. म्हटलं, "साहेब, मी यायला तयार आहे. आई चालत नाही, त्यामुळे मला आधी सगळं नीट ठरवून यायचंय. माझी खुर्ची कोणत्या मजल्यावर आणि कुठली, तेवढं लिहून कळवता का?"

साहेब म्हणाले, "हे तपशील नंतर कळवले जातील."

मी म्हटलं, "हरकत नाही. कधी?"

ते पाण्याचा ग्लास शोधायला लागले. वहिनी, मी आयुष्यात इतके खोटे दावे वाचलेत, पण खोटं समोर असं उघडं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाणी प्यायलं. तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला. "साहेब, माझीही कळवा. मला पाठीचं दुखणं आहे, खिडकीजवळ असली तर बरं." मग कुणीतरी तिसऱ्याने. मग लोक लिहायलाच लागले, माझी कुठली, माझी कुठली, पडदाभर तेच. साहेबांचं नेट अचानक बिघडलं.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तुझं नाव कुठेच नाही. पण तुझ्याकडे विचारणा होईल, तयार राहा.

ठकू


१० मार्च

ठकू,

तयार राहा म्हणे. तुझं पत्र पोचायच्या आधीच मला वर बोलावलं होतं.

आमच्या बाई होत्या आणि आणखी एक गृहस्थ, ज्यांचं नाव कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "खुर्चीचा प्रश्न ज्यांनी काढला, त्या तुमच्या नणंद ना?"

मी म्हटलं, "हो."

"त्यांना हे कुठून सुचलं?"

"दावे तपासते ती. घरीसुद्धा असंच बोलते. भाजी आणली तर विचारते कुठल्या गाडीवरून."

"तुम्ही काही बोललात?"

मी म्हटलं, "नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. आमच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना माहीत होतं, ठकू. मी त्यांना विचारलेला प्रश्न आणि तू विचारलेला प्रश्न एकच होता. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर मी तिथेच संपले असते. त्या बोलल्या नाहीत.

मग मला बसण्याचा आराखडा करायला सांगितला. एकेक खुर्ची तिघातिघांना, पाळीपाळीने. मी केला. तरी माणसं उरतच होती. मी काहींना कँटीनमध्ये बसवलं, काहींना जिन्याखाली. तो कागद बघून त्या गृहस्थांनी त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

आज जाहीर झालं, तुलाही कळलंच असेल. ऑफिसला यायचा हुकूम मागे. त्याऐवजी सरळ सरळ माणसं कमी करणार, नियमाप्रमाणे पैसे देऊन. कुणाकुणाला ते या महिन्यात कळेल. तुझं काय होईल मला खरंच माहीत नाही. पण जे होईल ते पैसे हातात ठेवून होईल, आणि घर आहे. मी आहे तिथे आहे. सुटलो म्हणायचं.

परवापासून जेवण नीट जातंय. दादा म्हणाला, तुझा चेहरा बदलला.

वहिनी


२९ मार्च

प्रिय वहिनी,

मला काढलं. पडद्यावर एक अनोळखी मुलगी होती, कागदावरून वाचत होती, आणि माझं नाव चुकीचं उच्चारत होती. मी दुरुस्त केलं, तिने सॉरी म्हटलं आणि पुढचं वाक्य वाचलं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. मास्तरांनाही. ते म्हणतात, आता पुन्हा शिकवण्या घेईन, पोरं निदान समोर तरी बसतात. पैसे मिळतायत, वर्षभर ओढता येईल. तोवर बघेन काहीतरी. आई म्हणाली, "आता तरी वेळेवर जेव." तेव्हा माझी काळजी करू नकोस.

हे पत्र त्यासाठी नाही.

जुळ्यांच्या आईने शुक्रवारीच सही केली होती. मी प्रश्न विचारला त्याच्या आधीच्या शुक्रवारी. मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं दहा तारखेपर्यंत ती थांबेल. तिला वाटलं, द्यायचाच आहे तर लवकर देऊन मोकळं व्हावं, मुलं तापाने फणफणली होती, एक विचार तरी डोक्यातून जाईल. आता कंपनी म्हणते तुम्ही स्वखुशीने गेलात. तिला काही मिळणार नाही. तिच्यासारखे आणखी दोघे आहेत.

काल तिचा फोन आला. म्हणाली, "त्या सोमवारी तुमचा खुर्चीचा प्रश्न मी ऐकला. तो तुम्हाला तिथल्या तिथे सुचला का?"

मी म्हटलं, "नाही."

"आदल्या शुक्रवारी आपण अर्धा तास बोललो. मुलांच्या खोकल्याबद्दल बोललो. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. नाही म्हणता आलं असतं. पण त्याच आवाजात तिने मला औषधाचं नाव विचारलं होतं आणि मी तिला खरं सांगितलं होतं, तेव्हा हे खोटं कसं सांगू?

मागे एक पोरगं वाटी आपटत होतं. मग ती म्हणाली, "नुसतं सही करू नको म्हटलं असतंत तरी चाललं असतं. कुणी सांगितलं ते मी विचारलं नसतं."

वहिनी, मला हे सुचलंच नाही. तू मला नेमकं तेच लिहिलं होतंस, सही करू नको, कारण विचारू नको, आणि त्यावरून मी तुला किती बोलले. आणि मी तिला तेवढंही म्हटलं नाही.

तिने एका वकीलबाईंना दाखवलंय. त्या म्हणतात, हुकूम काढायच्या आधीच जागा सोडली होती, खुर्च्या विकल्या होत्या, हे आतलं कुणी सही करून सांगितलं तर राजीनामा फसवून घेतला असं धरता येईल. मी तिला तुझं नाव सांगितलेलं नाही. सांगणार नाही. ती विचारतही नाही.

आधी इथे लिहिलं होतं की मी तुझ्याकडे काही मागत नाही. ते खोडलं. मागतेय. तू नाही म्हणालीस तर मी एक शब्द बोलणार नाही, आणि या वेळी चार दिवसांनी विसरायलाही काही नसेल. तुझ्यावर एक घर उभं आहे, मला कळतं.

ठकू


१७ मे

प्रिय ठकू,

एवढे दिवस उत्तर नाही, फोनही उचलला नाही. आधी मी तुझ्यावर चिडले. सुटलो असं वाटून महिना होत नाही तर हे. पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं. तिथून ते रोज दिसायचं.

मग तुझ्या दादाला दाखवलं. वाचून म्हणाला, "अजिबात नाही." मी म्हटलं, मला वाटलंच होतं. तर म्हणाला, "वाटलं होतं तर दाखवलंस कशाला?" त्यावरून आमचं जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही. त्याने मला विचारलं, ती बाई तुझी कोण लागते? मी म्हटलं, कोणी नाही, पण मी ज्या कागदावर सही करून गप्प बसले त्यात ती बुडालीय. मग दोन दिवस आम्ही मिठासाठीसुद्धा एकमेकांशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट न घालता बाहेर पडला. दुपारी परत आला, पायातून चपला काढल्या आणि म्हणाला, "गोदामात माल उतरवून मोजून घ्यायचं काम आहे ना, मागे मी नको म्हटलं होतं ते? ते घेतलं. सोमवारपासून." तो हात धुवायला गेला आणि आतूनच म्हणाला, "आता तुला काय सही करायची ती कर."

मी वकीलबाईंकडे गेले. छोटीशी खोली, खाली झेरॉक्सचं दुकान. जुळ्यांची आई आली होती, एक पोरगं कडेवर, एक तिच्या ओढणीला लटकलेलं. मला वाटलं होतं ती रागावलेली असेल. ती नुसती दमलेली होती. मी सांगितलं, कोणते मजले, कोणता महिना, कुणी सांगितलं, ट्रक कुठे उभे होते. वकीलबाई लिहून घेत होत्या. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "वहिनी. त्याआधी मैत्रीण." तिने मान हलवली. धन्यवाद वगैरे म्हटलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं. लटकलेल्या पोराने तोवर माझ्या पर्समधली किल्ली काढून तोंडात घातली होती.

कंपनीने प्रकरण पुढे जाऊच दिलं नाही. नोटीस गेल्यावर पंधरा दिवसांत तिघांनाही बोलावून राजीनामे परत घ्यायला लावले आणि बाकीच्यांसारखे पैसे देऊन सोडलं. कुठे काही बोलू नये असा आणखी एक कागद. लोकांकडून कागद करून घेण्यात हे पटाईत.

मला लगेच काही म्हणाले नाहीत. आठवडा गेला. मग आमच्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "ऑफिस लहान झालंय. जागा बघायला वेगळं माणूस ठेवायची गरज उरली नाही असं वर ठरलंय." पैसे देतायत, नियमाप्रमाणे. मी विचारलं, "खरं कारण?" त्या म्हणाल्या, "मला विचारू नकोस. माझ्याकडून इथे सही घेतलीय." मग दार उघडायच्या आधी माझ्या दंडावर हात ठेवला आणि काढून घेतला.

शेवटच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा द्यायला मीच सगळीकडे फिरले. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. भूक मात्र सपाटून लागली.

भीती वाटत नाही असं नाही. तुझ्या दादाच्या गोदामाच्या पगारात महिना जेमतेम निघतो, आणि पाठ दुखते त्याची. पण संध्याकाळी येऊन दार उघडं टाकून बसतो. परवा आईंना त्याने स्वतः फोन केला. काय बोलले माहीत नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाला, "तिला सप्टेंबरपासून माहीत होतं."

काल जुळ्यांच्या आईचा फोन आला. म्हणाली, "माझं काम झालं. तुमचं?"

मी म्हटलं, "माझंही झालं."

तिला कळलं. मग म्हणाली, "मुलांना घेऊन येऊ का तुमच्याकडे?" मी म्हटलं, या.

आज दुपारी येतायत. तेव्हा इथेच थांबते. दोन वर्षांच्या दोन पोरांच्या हाताला लागेल असं घरात काय काय आहे ते बघून वर ठेवायला हवं.

तुझी
वहिनी